एका विजयगीताच्या हस्तलिखिताचा प्रवास

इ. स. १७१५ मध्यें तुर्कांनीं व्हेनिसच्या प्रजासत्ताकापासून मोरिया प्रांत जिंकून घेतला व पुढील वर्षीं कॉर्फू बेटास वेढा दिला. शुलेनबुर्ग या जर्मन सेनापतीनें किल्ला लढविला आणि ऑगस्ट १७१६ मध्यें तुर्कांना वेढा उठवावा लागला. त्याच वर्षीं, या युद्धांतील यशाप्रीत्यर्थ, व्हेनिसमधील ‘पिएता’ नामक अनाथाश्रमासाठीं आंतोनिओ विवाल्दी यानें ‘युडिथा ट्रायम्फान्स’ हें लॅटिन ऑराटोरिओ, म्हणजे अभिनयाविना गावयाचें धर्मकथागायन, रचिलें. शत्रुसेनापति होलोफर्नीस याचा शिरच्छेद करणाऱ्या युडिथ या विधवेची ती कथा. होलोफर्नीसासह सर्व भूमिका आश्रमांतील स्त्रियांनींच गायिल्या.

पदें जाकोमो कासेत्ती याचीं. त्यानें रूपकाचा उलगडाहि सोबतच दिला आहे: युडिथ म्हणजे व्हेनिस, होलोफर्नीस म्हणजे सुलतान, वेढलेली बेथुलिया नगरी म्हणजे ख्रिस्ती धर्मसंघ. आमच्याकडे जें काम टीकाकारावर पडतें, तें येथें कवीनेंच उरकिलें आहे. यामुळें, व्हेनिसनें आपल्या युद्धाकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें, याचा हें काव्य अस्सल पुरावा ठरतें.

परंतु विजयाचें फळ अल्पच मिळालें. १७१८ च्या पासारोविट्झच्या तहानें कॉर्फू राहिलें, मोरिया मात्र गेलाच. आणि १७९७ मध्यें तें प्रजासत्ताकहि लयास गेलें.

हस्तलिखित मात्र उरलें. विवाल्दीच्या कागदांचा मोठा संग्रह जिनोआच्या दुराझ्झो घराण्याकडे गेला व तेथें वाटणींत दुभंगला. १९२६ मध्यें त्याचा एक भाग पिएमॉन्त प्रांतांतील सेल्सियन पाद्र्यांच्या विद्यालयानें विक्रीस काढला. तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक लुइजी तोर्री यांनीं तो तपासण्यास प्राध्यापक आल्बेर्तो जेंतीली यांस दिला. ग्रंथांचे क्रमांक सलग नाहींत हें पाहून उरलेला भाग अन्यत्र असला पाहिजे, हें जेंतीलींनीं ताडलें. आणि तो जिनोआस त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे सांपडला. रोबेर्तो फोआ यांनीं १९२७ मध्यें पहिला व फिलिप्पो जोर्दानो यांनीं १९३० मध्यें दुसरा भाग, आपापल्या दिवंगत बालपुत्रांच्या स्मरणार्थ, ग्रंथालयास मिळवून दिला. ‘युडिथा’ फोआ-संग्रहांत आहे.

याच विवाल्दीच्या १७१४ च्या ‘मोयसेस’ ऑराटोरिओचे शब्द तेवढे उरले. संगीत नष्ट झालें. तेव्हां संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध इतकाच, कीं दप्तराची वाटणी होऊं देऊं नये. आणि झालीच, तर बांधणीवरील क्रमांक पुसूं नयेत. दुरावलेल्या भावंडांची ओळख पुढें त्यावरूनच पटते.