खुराड्यातला हिवताप

मलेरिया डासांमुळे होतो हे कोणी शोधले, असे विचारले तर आमच्या पिढीतला कोणीही रोनाल्ड रॉस हे नाव चटकन सांगेल. पण त्या इतिहासात आणखी एक पात्र आहे. त्याचा उल्लेख मी शाळेच्या कुठल्याच पुस्तकात पाहिला नाही. ते पात्र म्हणजे आपली साधी खुराड्यातली कोंबडी.

विज्ञान हा माझा विषय नव्हे. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण रोगांचा इतिहास हाही इतिहासच, आणि तो राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा आपल्या घराच्या जास्त जवळचा.

आधी एक खुलासा, नाहीतर कोणीतरी उद्यापासून अंडी बंद करायचे! कोंबडीला हिवताप होतो, पण तो माणसाला लागत नाही. तिचा परजीवी वेगळा, आपला वेगळा. मग कोंबडीच्या रोगाचा माणसाच्या आरोग्याशी संबंध काय? तेच आज सांगायचे आहे.

सुरुवात रॉसपासूनच करू. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्यांनी हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त प्यायलेल्या डासाच्या पोटात परजीवी पाहिला. पुढे तो माणसापर्यंत परत कसा येतो, हे शोधायचे होते. तेवढ्यात बदली झाली. १८९८ मध्ये ते कलकत्त्याला आले, तर तिथे वेगळीच पंचाईत. मुंबई-पुण्यात प्लेगने हाहाकार उडवला होता आणि प्लेगच्या लसीची धास्ती कलकत्त्यापर्यंत पोचली होती. सुई घेतलेला डॉक्टर दिसला की लोक पळत. रुग्ण मिळेनात, म्हणून रॉस पक्ष्यांकडे वळले. महंमद बक्ष या मदतनिसाच्या साथीने चिमण्या, चंडोल पकडायचे, त्यांच्यावर डास सोडायचे, मग ते डास फाडून बघायचे. जुलै १८९८ मध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडला आणि त्या डासांनी चावलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडल्या. डास चावताना रोग देतो, हे प्रथम सिद्ध झाले ते चिमणीवर! १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. चिमण्यांना काय मिळाले, ते विचारू नका.

आता आपली कोंबडी. १९३५ मध्ये पॅरिसच्या एमिल ब्रुम्प्ट यांनी सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेहून, आलेल्या कोंबड्यांच्या रक्तात हिवतापाचा एक नवा परजीवी ओळखला. नाव ठेवले प्लास्मोडियम गॅलिनेसियम. आपल्या भागातली रानकोंबडी हा परजीवी अंगात बाळगूनही तगून राहते. परदेशी जातीची कोंबडी मात्र फिकी पडते, मान टाकते, कधी पाय लुळे पडून मरते. कोंबड्या पाळणाऱ्याच्या दृष्टीने हे संकटच. संशोधकांना मात्र हवे होते तेच हाती लागले. तोवर ते कॅनरी पक्ष्यांवर प्रयोग करीत. कॅनरी केवढीशी, तिचे रक्त ते किती! कोंबडीची पिल्ले स्वस्त, हवी तेव्हा हवी तितकी मिळणारी. शिवाय हा परजीवी पसरवणारा एडिस डास प्रयोगशाळेत सहज वाढवता येतो.

या पिल्लांनी पहिले काम केले ते एका मोठ्या नावाला धक्का देण्याचे. १९०३ मध्ये फ्रिट्झ शाउडिन या जर्मन शास्त्रज्ञाने लिहिले होते की, डासाने सोडलेला परजीवी थेट तांबड्या रक्तपेशीत शिरताना आपण पाहिला. माणूस इतका मोठा की तीसेक वर्षे बहुतेकांनी ते प्रमाण मानले. पण एक कोडे सुटत नव्हते. डास चावल्यावर बरेच दिवस रक्तात काहीच का दिसत नाही? क्विनाइनने बरा झालेला रोगी काही महिन्यांनी पुन्हा का कुडकुडतो? १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स आणि टेट यांना कोंबडीच्या पिल्लांत उत्तर सापडले. परजीवी रक्तपेशींच्या बाहेर, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि इतर अवयवांतही वाढताना दिसला. म्हणजे रक्तात उतरण्याआधी त्याला लपायला जागा होती. यातले जेम्स एके काळी आपल्याकडच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते.

मग माणसातली जागा शोधायची धावपळ सुरू झाली. इथे मात्र कोंबडीने चकवलेही. पिल्लांत जिथे सापडले तिथेच माणसात शोधत राहिले आणि दहा वर्षे हाती काही आले नाही. १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी आधी माकडाच्या आणि मग माणसाच्या यकृतात तो लपलेला परजीवी दाखवला. शॉर्ट हेही इंडियन मेडिकल सर्व्हिसमधलेच. कोंबडीने दिशा बरोबर दाखवली होती, घर मात्र चुकीचे!

दुसरे काम औषधांचे. दुसऱ्या महायुद्धात जावा जपानच्या हाती गेले आणि जगाचे क्विनाइन आटले. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत कर्ड, डेव्ही आणि रोझ यांनी एकामागून एक रसायने हिवताप झालेल्या पिल्लांना देऊन पाहिली. त्यातून १९४५ मध्ये पॅलुड्रिन निघाले. अमेरिकेत युद्धकाळात तेरा-चौदा हजार रसायने अशीच पिल्ले, बदके अशा पक्ष्यांच्या चाळणीतून गेली. क्लोरोक्विन १९३४ सालीच जर्मनीत तयार झाले होते, पण विषारी समजून बाजूला पडले होते. ते या काळात पुन्हा वर आले.

क्लोरोक्विन म्हटले की आमच्या लहानपणीचे मलेरियावाले आठवतात. खाकी कपडे, खांद्याला पिशवी. बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचे, दाराच्या चौकटीवर तारीख लिहायचे आणि कडू गोळ्या ठेवून जायचे. आई गुळाच्या खड्यात घालून ती गोळी गिळायला लावायची. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज सांगितला जातो. त्या कडू गोळीची किंमत या आकड्यांवरून कळते.

तिसरे काम मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते आपल्या देशात झाले. निलगिरीत कुन्नूर इथे पाश्चर इन्स्टिट्यूट आहे. तिथे १९४१-४२ मध्ये मुलिगन, पॉल रसेल आणि बी. एन. मोहन यांनी डासाच्या लाळेतले परजीवी घेतले, ते अतिनील किरणांनी निष्प्रभ केले आणि कोंबड्यांना टोचले. नंतर रोगट डास चावू दिले. कोंबड्यांना रोग झाला, पण सौम्य, आणि मरण्याचे प्रमाण बरेच कमी झाले. हिवतापाविरुद्ध लस होऊ शकते, याची ही फार आधीची चाहूल. १९६७ मध्ये अमेरिकेत रूथ नुसेन्झ्वाइग यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले परजीवी उंदरांना टोचून तोच विचार पुढे नेला. मग परजीवीच्या अंगावरचे एक प्रथिन हाताशी आले आणि त्यावर लसी बेतल्या गेल्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर-२१ ही मलेरियाची दुसरी लस शिफारस केली. ऑक्सफर्डला जन्मलेली ही लस बनते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. २०२४ पासून ती आफ्रिकेतल्या लहान मुलांना दिली जाऊ लागली. तिथे या रोगाने मरणाऱ्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालची मुले असतात. कुन्नूरच्या कोंबड्यांपासून पुण्याच्या कुप्यांपर्यंत ऐंशीएक वर्षे. रस्ता सरळ नव्हता, पण तो तुटलाही नाही.

हे सगळे लिहिण्याचे कारण एवढेच की, 'कोंबडीच्या रोगावर कशाला पैसे घालवायचे?' असे म्हणणारी माणसे तेव्हाही असतील आणि आजही आहेत. कोणता प्रश्न कुठल्या खुराड्यात सुटेल, हे आधी सांगता येत नाही. त्या तीन नावांपैकी मोहन यांच्याबद्दल आज कोणाला काही ठाऊक नसते, महंमद बक्षबद्दलही नाही. मग कोंबड्यांची काय कथा! कर्ज फेडता येत नसेल तर निदान वहीत लिहून तरी ठेवावे, अशी आमच्या घरची शिकवण. म्हणून इथे लिहून ठेवले.

तूर्त एवढेच. पावसाळा जवळ आला आहे. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी तेवढे ओतून टाका.