ऊतींचा नकाशा, आजाराचा ठावठिकाणा

गावात माणसे किती, हे जनगणनेतून कळते; पण कोणाचे घर कोणाच्या शेजारी आणि पाणवठा कोणत्या आळीला, हे जाणून घ्यायचे तर नकाशाच हवा. मानवी शरीराचेही तसेच आहे. शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी आहेत, असा अंदाज आहे. त्यांतील प्रत्येक पेशीचे वर्तन तिच्या शेजाऱ्यांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. म्हणूनच कोणती पेशी नेमकी कोठे आहे आणि तेथे ती काय करते आहे, याची नोंद करणारे 'ऊतींचे नकाशे' तयार करण्याचे काम जगभर सुरू झाले आहे.

गरज का भासली?

ऊतीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. कर्करोगाचे निदान आजही प्रामुख्याने तिच्याच आधारे होते. मात्र, त्यात पेशीचा आकार व रचना दिसते, तिच्यातील हजारो जनुकांचे कार्य दिसत नाही. याउलट जनुकांचे कार्य मोजायचे तर ऊतीचा तुकडा विरघळवावा लागे. त्यातून हाती येई ती सर्व पेशींची सरासरी. एकेका पेशीतील जनुकांचे वाचन २००९ पासून शक्य झाले. तरीही त्यासाठी पेशी एकमेकींपासून सुट्या कराव्या लागत आणि त्यांचा मूळ पत्ता हरवून जाई.

पत्ता कसा टिकवतात?

हा पेच सोडविणारे एक तंत्र स्वीडनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. काचपट्टीवर सूक्ष्म ठिपक्यांची जाळी असते. प्रत्येक ठिपक्यावर डीएनएचे छोटे धागे चिकटविलेले असतात आणि त्यांवर त्या ठिपक्याची सांकेतिक खूण असते, टपालाच्या पिनकोडसारखी. ऊतीचा काप त्यावर ठेवला, की पेशींतील आरएनए खालच्या धाग्यांना जाऊन चिकटतो. पुढे त्याचे वाचन करताना कोणते जनुक कार्यरत होते, हे तर कळतेच. शिवाय ते कोणत्या ठिपक्यावरचे, हेही कळते. सुरुवातीला या ठिपक्यांचा व्यास १०० मायक्रॉन होता, म्हणजे एका ठिपक्यात अनेक पेशी मावत. आता दोन मायक्रॉनच्या चौकोनांपर्यंत मजल गेली आहे. 'नेचर मेथड्स' या नियतकालिकाने २०२० साठी 'वर्षातील पद्धत' म्हणून या तंत्रसमूहाची निवड केली होती. प्रथिनांच्या नकाशासाठीही वेगळी तंत्रे आहेत. त्यांत खुणा लावलेली प्रतिपिंडे वापरून एकाच कापावर अनेक प्रथिने दाखविता येतात.

शेजाराचे महत्त्व

कर्करोगाच्या गाठीत रोगप्रतिकारक पेशी आहेत की नाहीत, एवढ्यावर सारे ठरत नाही. त्या गाठीच्या गाभ्यात शिरल्या आहेत की काठावरच थबकल्या आहेत, यालाही महत्त्व असते. फ्रान्समधील जेरोम गॅलों व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत हे दाखवून दिले. पुढे २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी याच कर्करोगाच्या ३५ रुग्णांच्या ऊतींत ५६ प्रथिने तपासली. तेव्हा पेशींचे नऊ प्रकारचे 'शेजार' आढळले. या शेजारांची घडण आणि रुग्णांचे आयुर्मान यांत संबंध असल्याचेही दिसले.

नकाशातून उपचाराकडे

या तंत्राचे मोल सर्वांत ठळकपणे दिसले ते एका दुर्मीळ त्वचारोगात. 'टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस' असे त्याचे नाव. फिट्स, संधिवाताचा एक प्रकार असलेला गाउट किंवा जंतुसंसर्ग यांवरील नेहमीच्या काही औषधांची ही घातक प्रतिक्रिया असते. भाजल्याप्रमाणे त्वचा सोलवटून निघते आणि सुमारे ३० टक्के रुग्ण दगावतात. जर्मनीतील माक्स प्लांक जीवरसायनशास्त्र संस्थेतील माथियास मान यांच्या गटाने अशा रुग्णांच्या त्वचेचे जतन केलेले नमुने घेतले. संगणकाच्या साह्याने हव्या त्या पेशी ओळखून लेसरने कापून घेतल्या आणि त्यांतील प्रथिने मोजली. त्यात 'जॅक-स्टॅट' नावाची संदेशवहनाची साखळी प्रमाणाबाहेर जागृत झालेली आढळली. तिला रोखणारी औषधे अन्य आजारांसाठी आधीपासूनच वापरात होती. ती सात रुग्णांना देण्यात आली. सातही जण झपाट्याने सुधारले व वाचले. हे निष्कर्ष ऑक्टोबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. सात ही संख्या लहान असल्याने मोठ्या चाचण्यांची गरज अर्थातच आहे.

जागतिक प्रयत्न आणि भारत

'ह्यूमन सेल अॅटलास' हा आंतरराष्ट्रीय उपक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१८ मध्ये 'हबमॅप' प्रकल्प हाती घेतला. त्यातून २०२३ मध्ये आतडे, मूत्रपिंड आणि गर्भवेष्टन व माता यांच्यातील सीमारेषेचे सविस्तर नकाशे प्रसिद्ध झाले. निरोगी ऊतीचा नकाशा हाताशी असेल, तरच आजारात काय बिघडले, हे ताडता येते. भारतात आयआयटी मद्रासने डिसेंबर २०२४ मध्ये गर्भाच्या मेंदूचा 'धारणी' हा त्रिमितीय नकाशा खुला केला. मेंदूच्या ५,१३२ कापांवरून तो साकारला आहे.

मर्यादा

ही तंत्रे अद्याप खर्चिक आहेत. काप हा एका क्षणाचे आणि अवयवाच्या लहानशा भागाचेच चित्र देतो. निरनिराळ्या वंशांच्या व प्रदेशांच्या माणसांचे पुरेसे नमुने नसतील, तर नकाशाही अपुराच राहणार. शिवाय, दोन पेशी शेजारी आहेत म्हणून एकीने दुसरीला बिघडविले, असे लगेच म्हणता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्रयोग करावे लागतात. नकाशा वाट दाखवितो, चालावे मात्र लागतेच. तरीही कोठे शोधायचे, हे ठाऊक असण्याचे मोल किती, हे त्या सात रुग्णांच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे.