सकळ लिपी आणि आपल्या हातची किल्ली

भोकरहून किनवटमार्गे माहूरला जाणारी वाट आम्हां मराठवाड्यातील वाङ्मयाच्या अभ्यासकांना दोन अर्थांनी ओळखीची आहे. एक अर्थ यात्रेकरूचा, दुसरा पोथ्या धुंडाळणाऱ्याचा. माहूर हे महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान. त्यामुळे या पंथाने आपली पोथी कशी लिहिली, कशी झाकली आणि कशी टिकवली, हा प्रश्न नांदेड जिल्ह्यात परका वाटत नाही. आज संगणक आणि भ्रमणध्वनी निवडताना खाजगीपणाचा विचार करावा, आपली आज्ञावली आपल्याच यंत्रावर चालवावी, असे कोणी म्हटले की तो पाश्चात्त्य छंद समजला जातो. आम्हांस मात्र त्या वादाचा एक अध्याय मराठीतच, सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी, लिहिला गेलेला दिसतो.

महानुभाव पंथाने मराठीला धर्मभाषेचे स्थान दिले. संस्कृत जाणणाऱ्या शिष्यांनाही मराठीतच लिहावयास लावण्याचा नागदेवाचार्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. सामान्य स्त्रीपुरुषांस कळावे म्हणून जी भाषा निवडली, तीच पुढे चौदाव्या शतकात सांकेतिक लिप्यांच्या आड गेली. त्यांतील सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. तिचे कर्तृत्व परंपरेने रवळोबासांकडे दिले जाते. सुंदरी लिपी आणि अंकलिपी याही त्याच कुळातल्या. सकळ लिपीची युक्ती तत्त्वतः साधी होती : भाषा मराठीच, शब्द तेच, केवळ प्रत्येक नागरी अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे चिन्ह. ज्याच्याजवळ कोष्टक त्याला पोथी वाचता येई, इतरांस ती रेघोट्यांची रांग दिसे.

हे आवरण कशासाठी, याची उत्तरे अभ्यासकांनी वेगवेगळी दिली आहेत. कोणी शास्त्राचे पावित्र्य राखण्याचा हेतू सांगतात, तर कोणी विरोधकांच्या उपहासापासून व छळापासून बचाव. कारण कोणतेही असो, परिणाम दुहेरी झाला. पंथाचे शास्त्र पंथातच सुरक्षित राहिले. आणि मराठी वाङ्मयेतिहासास विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत आपल्या आद्य गद्याचा जवळजवळ पत्ताच नव्हता. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली. पंथातील जाणत्या मंडळींनीही हळूहळू आपली दारे उघडली आणि 'लीळाचरित्रा'सारखा ग्रंथ अभ्यासाच्या कक्षेत आला. आज पदव्युत्तर वर्गात आम्ही तो सहज शिकवतो, यामागे एक फुटलेले कुलूप आहे हे विद्यार्थ्यांस क्वचितच सांगितले जाते.

ते कुलूप फुटले कसे, हा मुद्दा महत्त्वाचा. अक्षराला अक्षर बदलणारी कोणतीही लिपी भाषेच्या सवयी लपवू शकत नाही. कोणते अक्षर वारंवार येते, कोणते शब्दाच्या शेवटी येते, हे मोजत गेले की चिन्हांमागची अक्षरे दिसू लागतात. नवव्या शतकात अल्‌-किंदी या अरब पंडिताने ही रीत मांडून ठेवली होती. सकळ लिपीची सारी सुरक्षितता पद्धत गुप्त राहण्यावर अवलंबून होती. पद्धत एकदा कळली की एक पोथी नव्हे, सर्वच पोथ्या उघड्या पडत. १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी लष्करी संकेतलेखनावर लिहिताना नेमका उलटा नियम सांगितला : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली.

मुक्त स्रोत आज्ञावलींच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद या नियमाचाच विस्तार आहे, असे आम्हांस वाटते. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्‌स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. यातून जी संगणकप्रणाली उभी राहिली तिची घडण कोणासही वाचता येते, तपासता येते, बदलता येते. उघडेपणामुळे ती आपोआप निर्दोष होत नाही. परंतु तिच्यात चोरकप्पा ठेवणाऱ्यास तो सर्वांच्या डोळ्यांदेखत ठेवावा लागतो. पद्धत उघडी आणि किल्ली आपली, अशी ही व्यवस्था आहे. उलट बंद आज्ञावली आपल्या बाबतीत सकळ लिपीसारखीच वागते, फक्त कोष्टक मठाकडे असण्याऐवजी दूरच्या कंपनीकडे असते.

ही अतिशयोक्ती नव्हे, हे मराठीच्या अध्यापकांनी अनुभवलेले आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता, तरी मराठी टंकलेखन पुढे कित्येक वर्षे जुन्या टंकांतच चालले. या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. तो विशिष्ट टंक यंत्रावर असेल तोवर मराठी, नसेल तर रोमी चिन्हांचा निरर्थक गुंता. आमच्यापैकी एकाचा प्रबंध असाच टंकित झाला होता. पुढे ती आज्ञावली नव्या संगणकावर चालेना, आणि स्वतः लिहिलेली तीनशे पाने लेखकालाच वाचता येईनात. सकळ लिपी निदान हेतुपुरस्सर रचलेली होती. आम्ही नकळत स्वतःसाठी एक गुप्त लिपी विकत घेतली होती आणि तिची किल्ली मात्र घेतली नव्हती.

खाजगीपणाचा प्रश्नही मराठवाड्यास नवा नाही. निजामी राजवटीत गश्ती निशाण त्रेपन्न या हुकुमाखाली सभा भरवण्यास पूर्वपरवानगी लागे. कोण कोणास भेटतो यावर नजर ठेवणाऱ्या सत्तेखाली आमच्या आजोबांची पिढी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जगली. आजची नजर वेगळी आहे. ती हुकूम काढत नाही, फुकट सोय देते आणि बदल्यात आपण काय वाचतो, कोठे जातो, कोणाशी बोलतो याची वही ठेवते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. अधिकार मिळाला तरी तो वापरण्याची साधने निवडण्याचे काम आपल्याकडेच उरते.

ही साधने आता दुर्मीळ नाहीत. जुन्या संगणकावर डेबियन बसवता येते. काही भ्रमणध्वनींवर लिनिएजओएस किंवा ग्राफीनओएस यांसारखी मुक्त प्रणाली चालते. नेक्स्टक्लाउडच्या साहाय्याने आपली टिपणे, छायाचित्रे आणि दिनदर्शिका घरच्या वा महाविद्यालयाच्या यंत्रावर ठेवता येतात. अडचणीही प्रामाणिकपणे सांगावयास हव्यात. ग्राफीनओएस मुख्यत्वे गूगलच्याच पिक्सेल यंत्रांवर चालते, हा विरोधाभास टाळता येत नाही. तालुक्याच्या गावी वीज जाते, महाजालाची जोडणी तुटते, आणि घरचे यंत्र बंद पडले तर दुरुस्तीस आपणच असतो.

येथेही महानुभावांकडून शिकावे असे काही आहे. परंपरा सांगते की चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धाडीत 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी नष्ट झाली, आणि हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्यातून पाठभेद निर्माण झाले, संपादकांची डोकेदुखी वाढली. पण ग्रंथ वाचला. एकाच ठिकाणी ठेवलेली पोथी, मग ती मठात असो, कंपनीच्या विदागारात असो की आपल्या कपाटातील यंत्रात, धाडीत जाणारच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले तेव्हा तेथे धाडही पडली नव्हती, केवळ एका कंपनीचा विचार बदलला होता. म्हणून एकट्याने घरी यंत्र चालवण्यापेक्षा एखाद्या विभागाने, ग्रंथालयाने वा चार मित्रांनी मिळून ते चालवावे आणि प्रती दोनतीन ठिकाणी ठेवाव्यात, हे आम्हांस अधिक व्यवहार्य वाटते. मठ ही संस्था एका माणसावर चालत नसते.

सकळ लिपीने आपल्या लोकांचे रक्षण केले आणि त्याच वेळी मराठी भाषेस तिच्याच ग्रंथांपासून काही शतके दूर ठेवले. या दोहोंपैकी पहिले घ्यावे व दुसरे टाळावे, एवढाच आमच्या म्हणण्याचा आशय आहे. काय झाकावे आणि काय उघडे ठेवावे हे लिहिणाऱ्याने ठरवावे. ग्रंथ उघडा असावा, पत्र झाकलेले असावे, आणि दोन्हींची किल्ली लिहिणाऱ्याच्या हाती असावी. पुढच्या पिढीतील एखाद्या राजवाड्यांना आमची टिपणे वाचण्यासाठी लिपीचा भेद करावा लागू नये, एवढी काळजी आज साधन निवडतानाच घेता येते.