संगणक मंद की इंटरनेट? दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

घरातील संगणक संथ झाला की अनेकदा इंटरनेटला दोष दिला जातो आणि इंटरनेट अडखळू लागले की नवा संगणक घेण्याचा विचार सुरू होतो. दोन्ही बिघाडांची लक्षणे पडद्यावर सारखीच दिसतात. पान उघडत नाही आणि फिरते वर्तुळ थांबत नाही. कारणे व उपाय मात्र सर्वस्वी भिन्न आहेत. दोष न ओळखता केलेला खर्च वाया जातो. घाईने केलेल्या ‘फॉरमॅट’मुळे तर अनेक वर्षांची छायाचित्रे व कागदपत्रे गमावण्याची वेळ येते.

खडकवासला गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. येथील धरणातून निघालेले पाणी पर्वतीचे जलशुद्धीकरण केंद्र, साठवण टाकी आणि जलवाहिनी असे टप्पे ओलांडून पुणेकरांच्या नळाला येते. नळाची धार बारीक झाली, तर कोणी थेट धरणावर जात नाही. आधी नळ, मग इमारतीची टाकी, मग वाहिनी पाहिली जाते. संगणकाचा दोषही याच रीतीने, घरापासून बाहेर जात शोधावा.

पहिली कसोटी

सर्वप्रथम इंटरनेट बंद करावे आणि संगणकातच साठवलेले एखादे पत्र किंवा छायाचित्र उघडावे. त्यालाही विलंब लागत असेल, तर दोष संगणकाचा आहे. ते झटकन उघडले, तर इंटरनेट पुन्हा सुरू करून तेच संकेतस्थळ त्याच वाय-फायवर मोबाइलमध्ये उघडावे. या वेळी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा. मोबाइलवरही संकेतस्थळ रेंगाळले, तर जोडणी तपासावी. अवघ्या पाच मिनिटांत तपासाची दिशा निश्चित होते.

संगणक मंद असल्यास

कोणताही उपाय करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरील डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर प्रत घेण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांवरील भार टक्क्यांत दिसतो. काहीही काम सुरू नसताना डिस्कचा आकडा दीर्घकाळ १०० टक्क्यांजवळ राहत असेल, तर खोळंबा डिस्कमुळे आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये सामान्यतः मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरणारी तबकडी असते. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने माहिती कितीतरी वेगाने वाचली जाते. जुन्या संगणकात एवढा एक बदल केला, तरी त्याला नवे आयुष्य लाभते. ‘डिफ्रॅगमेंट’ हा उपाय मात्र केवळ फिरत्या डिस्कसाठी आहे. एसएसडीला त्याची आवश्यकता नसते.

मेमरीचा आकडा सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम अपुरी पडत आहे. ४ जीबी रॅमवर ब्राउझरची दहा-बारा पाने एकाच वेळी उघडी ठेवणे अवघड जाते. ८ जीबी रॅमवर घरगुती काम सुरळीत चालते. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधूनच बंद करता येतात.

पंखा मोठ्याने फिरत असेल आणि काही वेळानेच वेग मंदावत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. धूळ साचून तापलेला प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग कमी करतो. वीजपुरवठा पूर्ण बंद करून मऊ ब्रशने धूळ काढावी.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते. या अटींत न बसणारा संगणक टाकून देण्याऐवजी त्यावर लिनक्सचा पर्याय तपासून पाहावा.

जोडणी सदोष असल्यास

फायबर जोडणीच्या उपकरणावरील ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाश-संकेत पोहोचत नाही. तार दारात किंवा खिडकीत दुमडलेली नाही ना, एवढे पाहावे आणि तक्रार नोंदवावी. दिवे योग्य असतील, तर उपकरण बंद करून एका मिनिटाने पुन्हा सुरू करावे.

यानंतर संगणक वाय-फायऐवजी तारेने राउटरला जोडावा. तारेवर वेग योग्य मिळाला, तर दोष वाय-फायचा आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींपलीकडे अधिक दूर पोहोचतो, पण शेजाऱ्यांच्या राउटरमुळे त्यावर गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक, मात्र पल्ला कमी. राउटर कपाटात न ठेवता घराच्या मध्यभागी उंचावर ठेवावा. मोबाइल मनोऱ्यावरून येणारे इंटरनेट असेल, तर उपकरण मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत ठेवून पाहावे. टेकडीच्या आडोशाला संकेत क्षीण होतो.

तारेवरही अडचण राहिल्यास ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘पिंग’ ही आज्ञा उपयोगी पडते. प्रथम राउटरच्या पत्त्याला, नंतर ८.८.८.८ या बाहेरील पत्त्याला पिंग करावे. राउटरचेच उत्तर येत नसेल, तर बिघाड घरात आहे. राउटर उत्तर देतो, पण बाहेरील पत्ता देत नाही, तर तो पुढील जोडणीत असण्याची शक्यता अधिक. दोन्ही उत्तरे येऊनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी ‘डीएनएस’ ही व्यवस्था तपासावी.

वेग मोजताना बिट व बाइट यांत गल्लत होऊ नये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या योजनेत फाइल सेकंदाला अधिकाधिक १२.५ मेगाबाइट या वेगाने उतरते. देशात ‘ब्रॉडबँड’ म्हणवण्यासाठी २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट पुरेसे होते. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली.

वळीव आणि विजा

वळवाच्या विजा चमकू लागल्या की संगणक व राउटर यांचे प्लग काढून ठेवावेत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, परंतु राउटरच्या अडॅप्टरमधून धक्का येऊ शकतो. जेथे अद्याप तांब्याची टेलिफोन तार आहे, तेथे तीही काढावी.

तक्रार आणि सावधगिरी

तक्रार करताना बिघाडाची वेळ, दिव्यांची स्थिती आणि तारेवर मोजलेला वेग सांगावा. तक्रार क्रमांक आवर्जून घ्यावा. निवारण न झाल्यास सेवा कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागताना तोच लागतो.

‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे सांगणाऱ्या अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नये आणि सांगितलेले ॲप घेऊन संगणकाचा ताबा दुसऱ्याच्या हाती देऊ नये. खात्यातून पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे. मंद संगणक दोन दिवसांनी दुरुस्त झाला तरी चालतो. गेलेली रक्कम रोखण्यासाठी मात्र पहिले काही तासच मोलाचे असतात.