चांगदेव (गाव)

चांगदेव हे महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर तालुक्यातील एक गाव आहे. तापी आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. योगी चांगदेव यांची तपोभूमी म्हणून या गावाची ख्याती असून येथील दगडी मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संत मुक्ताबाई यांच्याशी संबंधित कोथळी आणि मेहूण ही स्थळे याच तालुक्यात असल्यामुळे वारकरी संप्रदायात या सर्व परिसरास तीर्थक्षेत्राचे स्थान आहे.

भौगोलिक स्थान

तापी नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावते आणि बऱ्हाणपुरावरून खानदेशात उतरते. पूर्णा नदीही सातपुड्यात उगम पावते, परंतु ती अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून वऱ्हाडचे पाणी घेऊन पूर्वेकडून येते. संगमानंतर तापी पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. परिसरातील जमीन काळी व सुपीक असून केळी हे मुख्य बागायती पीक आहे. लोकव्यवहारात लेवा गणबोली मोठ्या प्रमाणावर बोलली जाते.

इतिहास

या संगमाची नोंद मोगल काळातही झालेली आढळते. अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात खानदेश सुभ्याच्या वर्णनात चांगदेव गावाचा उल्लेख आहे. तापी व पूर्णा यांच्या संगमास तेथे चक्रतीर्थ म्हटले असून जवळच्या महादेवाच्या मूर्तीची आख्यायिकाही दिली आहे. एका अंध भक्ताने जवळ बाळगलेली महादेवाची मूर्ती येथे हरवली. त्याने वाळूची मूर्ती करून तिची पूजा केली व ती पाषाणाची झाली, अशी ही कथा आहे. संगमाचे माहात्म्य चारशे वर्षांपूर्वी बाहेरच्या लेखकापर्यंत पोहोचले होते, हे या नोंदीवरून दिसते.

चांगदेव मंदिर

मंदिर काळ्या दगडाचे असून त्याच्या बाह्य भिंतींवर शिल्पकाम आहे. ते हेमाडपंती शैलीचे मानले जाते. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. तथापि त्याच्या नावाने ओळखली जाणारी बांधणी त्याच्या काळापूर्वीपासून प्रचलित होती.

चांगदेवांची समाधी गोदावरीकाठी पुणतांबे येथे असल्याची परंपरा आहे. त्यामुळे येथील मंदिर समाधिमंदिर नसून योग्याच्या तपश्चर्येचे स्मारक मानले जाते. जळगाव जिल्ह्यातीलच पाटण येथील शिलालेखात उल्लेखिलेला चांगदेव हा वेगळा असून तो गणिती भास्कराचार्य यांचा नातू होता.

मुक्ताबाई आणि चांगदेव

परंपरेनुसार चांगदेव चौदाशे वर्षे जगलेले सिद्धयोगी होते. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहिण्याचे ठरविले, परंतु मायना कोणता लिहावा याचा निर्णय न झाल्याने कोराच कागद पाठविला. त्यास उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या ६५ ओव्या 'चांगदेव पासष्टी' या नावाने प्रसिद्ध आहेत. पुढे चांगदेव वाघावर बसून भेटीस निघाले, तेव्हा ही भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच सामोरी गेली, अशी कथा आहे. अखेर चांगदेवांनी वयाने अतिशय लहान असलेल्या मुक्ताबाईंचे शिष्यत्व पत्करले.

ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदी येथे समाधी घेतली. त्यानंतर तीर्थयात्रेत असताना मुक्ताबाई १२९७ मध्ये वैशाख वद्य पक्षात तापीतीरी विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या, असे मानले जाते. त्यामुळे शिष्याची तपोभूमी आणि गुरूचे अंतिम स्थान ही दोन्ही तापीकाठी एकमेकांच्या परिसरात आहेत. कोथळी येथे मुक्ताबाईंचे जुने, तर मुक्ताईनगर येथे नवे मंदिर आहे. मेहूण येथेही तापीकाठी मंदिर आहे. मुक्ताईनगरचे पूर्वीचे नाव एदलाबाद असे होते.

यात्रा

माघ महिन्यात महाशिवरात्रीच्या सुमारास येथे मुक्ताबाई-चांगदेव यात्रा भरते. खानदेश, विदर्भ व मध्य प्रदेशातून दिंड्या येतात. भाविक संगमावर स्नान करून दोन्ही ठिकाणी दर्शन घेतात. आषाढी वारीसाठी कोथळीहून निघणारी मुक्ताबाईंची पालखी विदर्भ व मराठवाड्यातून पंढरपुरास जाते. ही वाटचाल एक महिन्याहून अधिक काळ चालते.

हतनूर जलाशय

संगमाच्या खालच्या बाजूस, भुसावळ तालुक्यात तापीवर हतनूर धरण आहे. त्यास ४१ दरवाजे आहेत. जलाशयाचा फुगवटा संगमापर्यंत येत असल्याने पूर्वीच्या वाहत्या नद्यांच्या जागी येथे विस्तीर्ण, संथ पाणी दिसते. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी मोठ्या संख्येने येत असल्याने जलाशयाची गणना महत्त्वाच्या पक्षी क्षेत्रांत होते.

दोन्ही नद्या पुराबरोबर मोठ्या प्रमाणात गाळ आणतात. तो साचल्यामुळे धरणाची साठवण क्षमता घटली आहे. भुसावळ परिसराचा पाणीपुरवठा, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आणि शेती या जलाशयावर अवलंबून असल्याने गाळाचा प्रश्न गंभीर मानला जातो. गाळाच्या उथळ भागांवर पक्ष्यांना खाद्य मिळते. त्यामुळे गाळ काढताना पाणीसाठा आणि पक्ष्यांचा अधिवास या दोहोंचा विचार करावा लागतो.

परिसरातील इतर स्थळे

मुक्ताईनगर तालुक्यातील वढोदा-चारठाणा भागातील जंगलात वाघांचा वावर असून हा भाग मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालेला आहे. बोदवड तालुक्यातील शिरसाळा येथील मारुतीच्या मूर्तीवर छप्पर नाही. शनिवारी तेथे गर्दी असते. रावेर तालुक्यातील पाल हे सातपुड्यातील थंड हवेचे ठिकाण आहे. राज्याच्या सीमेपलीकडे तापीकाठीच असलेले बऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांच्या राजधानीचे शहर असून मुमताज महल हिचे १६३१ मध्ये तेथे निधन झाले.

भेटीचा काळ व मार्ग

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा भेटीसाठी अनुकूल काळ आहे. याच दिवसांत पक्षी दिसतात आणि परिसरात कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत-पार्ट्या रंगतात. 'जळगाव भरीत वांगी' व 'जळगाव केळी' या दोहोंना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्यावर प्रवाह बदलतो, तर फुगवट्याखालील गाळामुळे एरवीही पाण्याच्या खोलीचा अंदाज येत नाही. त्यामुळे संगमावर उतरताना सावधगिरी आवश्यक असते. भुसावळ हे जवळचे प्रमुख रेल्वे जंक्शन असून मुक्ताईनगर सुरत-नागपूर राष्ट्रीय महामार्गावर आहे.