औषधविक्रेत्याचे व्रत

धान्य निवडून घेता येते, कापड चाचपून पाहता येते. परंतु कल्याणच्या वा ठाण्याच्या औषधालयातून गृहस्थ जी बाटली घरी नेतो, ती केवळ विश्वासावर नेतो. रोग्याच्या या असहायतेतूनच औषधविक्रेत्याचे कर्तव्य उत्पन्न होते.

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या गोडसर द्रवात विरघळवून विकण्यात आले आणि शंभराहून अधिक रोगी दगावले. तो द्रव विषारी आहे किंवा कसे, हे विक्रीपूर्वी तपासलेच गेले नव्हते. हिंदुस्थानात १९४० साली औषधांचा कायदा झाला. १९४८ च्या कायद्याने औषध देणाराची नोंदणी आवश्यक ठरविली. तथापि १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेच विष ग्लिसरीनमधून रोग्यांच्या पोटात गेले व १४ जण प्राणास मुकले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली.

विष जुनेच होते, कायदाही होता. चुकली ती खरेदीच्या वेळची पारख व देखरेख. म्हणून संशय येताच बाटली हातची न सोडणे, हेही औषध देण्याइतकेच औषधविक्रेत्याचे काम होय.