समुद्रबर्फ आणि सागराचे आम्लीकरण : एका समजुतीचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर होते. शब्द सैल पडला की विचारही सैल पडतो, अशी त्यांची शिकवण होती. मी आयुष्यभर मराठी शिकवली. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही आजचा विषय निवडला, तो एका चुकीचे परिमार्जन म्हणून. काही वर्षांपूर्वी एका विज्ञानलेखाची भाषा तपासताना ‘ध्रुवीय बर्फ म्हणजे समुद्राचे झाकण’ ही उपमा मी पदरची घातली. लेखकाने ती सौजन्याने खोडली. का खोडली, हे शोधता शोधता मला एक इतिहास सापडला.

ध्रुवीय समुद्राचा शास्त्रीय अभ्यास नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेनने नव्या वाटेवर नेला. १८९३ मध्ये त्याने ‘फ्राम’ हे जहाज आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकवून घेतले आणि १८९६ पर्यंत ते बर्फाबरोबर वाहू दिले. त्याच १८९६ साली स्वीडनच्या अऱ्हेनियसने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित मांडले. १९०९ मध्ये कोपनहेगन येथे सोरेनसेनने आम्लता मोजण्याचे परिमाण दिले. त्यालाच आपण मराठीत ‘सामू’ म्हणतो. हे तीन धागे एकत्र यायला मात्र बराच काळ जावा लागला.

माणसाने धुराड्यांतून सोडलेला वायू समुद्र सहज गिळून टाकील, असा विश्वास पुष्कळ काळ होता. १९५७ मध्ये रेव्हेल आणि स्यूस यांनी त्याला तडा दिला. समुद्राचे रसायनच हा वायू घेण्यास काही अंशी विरोध करते, हे त्यातून पुढे आले. तरीही आपण सोडलेल्या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्राने घेतला आहे. त्याची किंमत म्हणजे पृष्ठजलाचा सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला. आकडा किरकोळ दिसतो. पण या परिमाणाची रचनाच अशी की एवढ्या घसरणीचा अर्थ आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढली असा होतो. २००३ मध्ये कॅल्डेरा आणि विकेट यांच्या लेखानंतर ‘सागराचे आम्लीकरण’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. येथे शब्दाचा अर्थ नीट घेतला पाहिजे. समुद्र आम्ल झालेला नाही, तो आजही अल्कधर्मी आहे. नव्वद गुणांवरून ऐंशीवर आलेला विद्यार्थी नापास झालेला नसतो; परंतु घसरण ही घसरणच.

आता बर्फाकडे येऊ. जुन्या हिशेबांत समुद्रबर्फ म्हणजे हवा आणि पाणी यांमधील बंद दार मानले जाई. १९७६ मध्ये गोसिंक, पिअर्सन आणि केली यांनी या बर्फातून वायू आरपार जातो असे दाखवले. समुद्राचे पाणी उणे १.८ अंश सेल्सियसच्या सुमारास गोठते. गोठताना ते मीठ बाहेर टाकते. बर्फातील बारीक नलिकांत दाट खारे पाणी साचते. त्यातील जड अंश विरघळलेला कार्बन घेऊन खाली झिरपतो. मागे राहिलेल्या खाऱ्या पाण्यात ‘इकाइट’ या चुनखडीच्या सजल प्रकाराचे स्फटिक तयार होतात. हे खनिज १९६३ मध्ये ग्रीनलंडच्या इक्का फ्योर्डमध्ये प्रथम नोंदले गेले; २००८ मध्ये डीकमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अंटार्क्टिकाच्या समुद्रबर्फात सापडल्याचे प्रसिद्ध केले. वसंतात बर्फ वितळला की हे स्फटिक विरघळतात आणि पाण्याची कार्बन डायऑक्साइड शोषण्याची शक्ती वाढवतात. म्हणजे बर्फ कार्बनच्या देवघेवीत भाग घेतो. तो नुसता पांघरूण नाही.

मग बर्फ वितळणे हितकारकच, असे कोणी म्हणेल. तसे नाही. बर्फाच्या पाण्यात क्षार थोडे, म्हणून सामूची घसरण रोखण्याची ताकदही थोडी. शिवाय उघडा पडलेला समुद्र हवेतील वायू अधिक घेतो. २००८ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील खोल सागरात पृष्ठजल अरॅगोनाइटच्या दृष्टीने असंतृप्त आढळले. टेरोपॉड नावाच्या इवल्या सागरी गोगलगायींचे कवच याच अरॅगोनाइटचे असते. अशा पाण्यात ते विरघळू शकते. २०२२ मधील एका अभ्यासानुसार, १९९४ ते २०२० या काळात पश्चिम आर्क्टिकमधील आम्लीकरणाचा वेग इतर महासागरांच्या तिप्पट-चौपट होता. मूळ कारण आपल्या धुराड्यांतच आहे. बर्फाच्या ऱ्हासाने त्याला वेग दिला.

हा विषय आपल्या गोमंतकाला परका नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातूनच निघाली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही वास्को येथे आहे. उद्या या शाळेतील एखादी मुलगी त्या बर्फावर उभी राहून सामू मोजील आणि आपली नोंद मराठीत लिहील, अशी आशा मी बाळगतो. तिने लिहिताना माझ्यासारखी उपमेची घाई करू नये. आधी मोजावे, मग शब्द निवडावा.